चिनी मातीच्या भांड्यांवरचे प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयातल्या चिनी दालनात लोक फार थांबत नाहीत. "निळं काम सुरेख आहे" एवढं म्हणून पुढे सरकतात. मला दर वेळी वाटतं की त्यांना हाताला धरून मागे आणावं आणि त्या फुलदाणीवरची वटवाघळं मोजायला लावावीत. वटवाघळं पाचच का, हे एकदा कळलं की माणूस त्या दालनात तासभर रमतो. मित्रमंडळींनी आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी आजवर जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एका भांड्यावर इतके प्राणी कशासाठी? नुसती नक्षी पुरली नसती का?

ही चित्रं बघताना प्राण्याचं नाव मनातल्या मनात उच्चारायचं असतं. चिनी भाषेत उच्चार मोजके आणि अर्थ पुष्कळ. एकाच उच्चाराचे दहा-वीस शब्द सहज सापडतात, कधी सुरांत थोडा फरक असतो, कधी तोही नसतो. त्यामुळे 'सुख' हा शब्द लिहिण्याऐवजी त्याच उच्चाराचा एखादा प्राणी काढला तरी बघणाऱ्याला सुखच ऐकू येतं. आपले पंत कवी श्लेष शब्दांत करत, जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावातल्या चिताऱ्यांनी तो कुंचल्याने केला.

चित्राला अर्थ हवाच आणि तो शुभच हवा, अशा आशयाचं एक वचन चिनी कारागिरीत फार प्रचलित आहे. मिंग (१३६८ ते १६४४) आणि विशेषतः छिंग (१६४४ ते १९१२) काळात ही पद्धत इतकी मुरली की लग्न, वाढदिवस, परीक्षा, बढती अशा प्रत्येक प्रसंगाला चालणारे प्राणी ठरून गेले. कुणाला काय भेट द्यायची ते त्या प्राण्यांवरून ठरे.

वटवाघूळ शुभ कसं? आपण तर संध्याकाळी ते घरात शिरलं तर घाबरतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि मला सर्वांत आवडतोही.

चिनी भाषेत वटवाघळाच्या नावात 'फू' हे अक्षर आहे आणि सुख, भाग्य, कृपा या सगळ्याला मिळूनही 'फू' म्हणतात. बस्स, एवढ्यावर त्याचं नशीब पालटलं. पाच वटवाघळं दिसली तर ती 'वू फू', म्हणजे पाच सुखं. ही पाच सुखं एका अतिप्राचीन चिनी ग्रंथात सांगितली आहेत: दीर्घ आयुष्य, धन, निरोगी आणि शांत जीवन, सद्गुणांची आवड, आणि आयुष्य पुरं करून आलेला सुखाचा मृत्यू. शेवटचं सुख वाचून मी थबकले होते. शांतपणे मरण यावं, हीसुद्धा मागण्याची गोष्ट आहे, आणि ती जेवणाच्या वाडग्यावर रंगवलेली आहे.

वटवाघूळ लाल असेल तर अर्थ आणखी वाढतो. लाल म्हणजे 'होंग', आणि 'होंग' म्हणजे अफाट, विपुल. उलटं लटकलेलं किंवा डोकं खाली करून उडणारं असेल तर 'उलटं' आणि 'येऊन पोहोचलं' या दोन शब्दांचा उच्चार 'दाओ' असा सारखाच होतो. म्हणजे उलटं वटवाघूळ सांगतं की सुख आलं, दारात आहे. बरोबर पीच फळं असतील तर दीर्घायुष्यही आलं.

या जोडीचं एक प्रसिद्ध उदाहरण सांगते. योंगझेंग सम्राटाच्या काळातली (१७२३ ते १७३५) एक फुलदाणी, जैतुनाच्या फळासारखी फुगीर, तिच्यावर आठ पीच आणि दोन वटवाघळं. अमेरिकेत एका घरात कित्येक वर्षं ती टेबलावरच्या दिव्याची बैठक म्हणून वापरात होती. २००२ साली हाँगकाँगच्या लिलावात ती ४ कोटी १५ लाख हाँगकाँग डॉलरना गेली आणि पुढे शांघाय संग्रहालयाला भेट मिळाली. आज ती तिथे आहे. दिव्याखाली इतकी वर्षं राहून तिला तडा गेला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ड्रॅगन म्हणजे राक्षस ना? मग तो राजाचं चिन्ह कसा?

आग ओकणारा, राजकन्येला पळवणारा ड्रॅगन युरोपातला. चिनी 'लोंग' हा पाण्याचा स्वामी. तो ढगांत असतो, समुद्राच्या लाटांवर असतो, पाऊस आणतो. भांड्यावर नीट बघा, त्याच्या आजूबाजूला बहुतेक वेळा ढग किंवा लाटाच दिसतील. शेतीवर जगणाऱ्या देशात पाऊस ज्याच्या हाती, तो पूज्यच असणार. आपल्या नागांशी त्याचं नातं याच अंगाने जुळतं. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा त्यांतल्या 'नागा'ला 'लोंग' हाच शब्द वापरला गेला.

त्याचं शरीर नऊ प्राण्यांच्या अवयवांनी बनलं असं जुने लेखक सांगतात: हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाची नखं, वाघाचे पंजे, बैलाचे कान वगैरे. खवले म्हणे ११७, त्यांतले ८१ 'यांग' आणि ३६ 'यिन'. चितारी अर्थातच मोजून काढत नसत. त्याच्यासमोर ज्वाळांनी वेढलेला एक मोती बहुधा असतो, आणि ड्रॅगन त्याच्या मागे धावत असतो.

पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा, चार नखांचा इतरांचा, हे खरं आहे का?

ढोबळमानाने खरं, पण त्यावरून भांड्याची किंमत करायला जाऊ नका.

युआन राजवटीत (१२७१ ते १३६८) पाच नखांचा, दोन शिंगांचा ड्रॅगन सामान्यांना वर्ज्य ठरवण्यात आला. मिंग आणि छिंग दरबारांनीही हा दंडक ठेवला. चार नखांचा ड्रॅगन राजपुत्र आणि सरदारांसाठी होता, आणि छिंग काळात त्याला वेगळं नावही होतं, 'मांग'. दरबाराबाहेर गेलेल्या काही वस्तूंवर पाचवं नख खरवडून काढलेलं दिसतं. एवढ्या नाजूक वस्तूवर कानस फिरवणाऱ्याचा हात किती थरथरला असेल!

नियम होता म्हणजे तो पाळला गेलाच असं नाही. खाजगी भट्ट्यांनी पाच नखं काढली, निर्यातीच्या मालावर तर सर्रास काढली. गेल्या १०० वर्षांत बनलेल्या लाखो वस्तूंवर ती आहेतच.

याहून मजेदार नियम रंगांचा आहे. छिंग अंतःपुरात कुणाच्या ताटात कुठल्या रंगाचं भांडं, हे लिहून ठेवलेलं होतं. सम्राज्ञीची भांडी आतून-बाहेरून पिवळी. तिच्या खालोखालच्या राणीची बाहेरून पिवळी पण आतून पांढरी. त्याखाली पिवळ्यावर हिरवे ड्रॅगन, मग निळ्यावर पिवळे, मग हिरव्यावर जांभळे. वाडगा समोर आला की जेवणारीचा मान कळायचा. संग्रहालयात हिरव्यावर जांभळा ड्रॅगन दिसला की मला ती कुठली तरी खालच्या पायरीवरची राणी आठवते, जिचं नावही आपल्याला ठाऊक नाही.

ड्रॅगनबरोबर जो मोरासारखा पक्षी असतो तो कोण?

फंगहुआंग. इंग्रजीतून त्याला फिनिक्स म्हणतात, पण राखेतून उठणाऱ्या फिनिक्सशी त्याचा काही संबंध नाही. मुळात 'फंग' नर आणि 'हुआंग' मादी. पुढे ड्रॅगन सम्राट झाला तेव्हा हा पक्षी सम्राज्ञी झाला. दोघं एकत्र असले की ते लग्नाचं चित्र. चांगल्या राज्यकर्त्याच्या काळातच तो दिसतो अशी समजूत. लांब शेपटीची पिसं लहरत गेलेली असतात, म्हणून आपल्याला मोर वाटतो.

एका भांड्यावर शिंगं आणि खूर असलेला, अंगावर खवले असलेला प्राणी पाहिला. तो कुठला?

तो किलिन. डोकं ड्रॅगनचं, खूर हरणाचे, शेपूट झुपकेदार. इतका दयाळू की चालताना जिवंत गवतही तुडवत नाही. थोर पुरुष जन्माला येणार असला की तो प्रकटतो, म्हणून पाठीवर मूल घेऊन येणारा किलिन हे पुत्रप्राप्तीच्या आशीर्वादाचं चित्र आहे.

याची एक ऐतिहासिक गोष्ट आहे आणि तिच्यात बंगाल आहे. १४१४ साली बंगालच्या सुलतानाकडून योंगले सम्राटाच्या दरबारात एक जिराफ भेट म्हणून पोहोचला. जिराफ मुळात आफ्रिकेतला, तिथून बंगालला आलेला. उंच, ठिपक्यांचा, शिंगं असलेला, गवत खाणारा आणि शांत असा प्राणी चिनी दरबाराने तोवर पाहिला नव्हता. त्याला किलिन मानण्यात आलं. शेन दू या दरबारी लेखकाने त्याच्यावर स्तुतीपर रचना केली, आणि त्या जिराफाच्या चित्राच्या प्रती आजही आहेत. तरीही भांड्यांवरचा किलिन पुढे जिराफासारखा झाला नाही, खवल्यांचाच राहिला. डोळ्यांनी पाहिलेल्या जिराफापेक्षा मनातला किलिन चिताऱ्यांना जवळचा वाटला असावा.

मासे इतके का दिसतात?

कारण मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे उरलेलं, शिल्लक. घरात खाऊन-पिऊन काही उरावं, ही सामान्य माणसाची इच्छा. बरोबर कमळ असलं तर कमळाचं 'ल्येन' म्हणजे सलग, ओळीने. कमळात पोहणारा मासा म्हणजे वर्षामागून वर्षं काही ना काही शिल्लक राहो. सोनमासा 'जिन यू', आणि त्याच उच्चारात सोनं आणि जेड ही जोडीही बसते.

कार्प माशाची कथा वेगळी. (आपले रोहू आणि कटला त्याच कुळातले.) पीत नदीवर 'लोंगमेन', म्हणजे ड्रॅगनचं दार, नावाची जागा आहे. तिथला प्रवाह चढून उडी मारणारा कार्प ड्रॅगन होतो, अशी दंतकथा. शाही परीक्षा पास होऊन खेड्यातला मुलगा अधिकारी झाला की लोक त्याला हीच उपमा देत. या परीक्षा १९०५ साली बंद झाल्या, उडी मारणारा कार्प मात्र अजून थाळ्यांवर आहे.

युआन काळातल्या काही मोठ्या निळ्या-पांढऱ्या रांजणांवर आणि थाळ्यांवर चार वेगवेगळ्या जातींचे मासे असतात. ओळीने त्यांची नावं घेतली की 'छिंग बाय ल्येन ज्ये' या शब्दांच्या जवळ जाणारा उच्चार होतो: निर्मळ, निष्कलंक, सचोटीचा. अधिकाऱ्याच्या घरात ठेवायला याहून योग्य रांजण कुठला?

आणि एक जोडी आपल्या ओळखीची. लोंगछुआन इथल्या भट्ट्यांच्या हिरव्या थाळ्यांच्या तळाशी दोन मासे उठावात असतात. मत्स्ययुग्म भारतीय अष्टमंगलातलंच. बौद्ध धर्माबरोबर अष्टमंगलं चीनला गेली आणि त्यांतली माशांची जोडी पुढे पोर्सिलीनवर, म्हणजे चिनी मातीवर, वारंवार आली.

कोंबड्याच्या चित्राचा एक कप कोट्यवधींना विकला गेला असं वाचलं. त्यात एवढं काय?

तो 'कोंबड्यांचा कप'. मिंग सम्राट चेंगहुआच्या काळातला (१४६५ ते १४८७). व्यास जेमतेम ८ सेंटिमीटर, हाताच्या ओंजळीत हरवेल एवढा. त्यावर कोंबडा, कोंबडी आणि दाणे टिपणारी पिल्लं. २०१४ साली हाँगकाँगमध्ये तो २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरना विकला गेला. शांघायचे संग्राहक ल्यू यीच्येन यांनी तो घेतला आणि त्यातून चहा प्यायले. त्याचा फोटो जगभर छापला गेला आणि टीकाही झाली. मला त्यात वावगं वाटलं नाही. कप पिण्यासाठीच बनला होता.

यात तांत्रिक कौशल्य मोठं आहे. आधी कच्च्या मातीवर निळ्या रंगाने बारीक बाह्यरेषा काढायची, झिलई देऊन भट्टीत भाजायचं. मग त्या रेषांच्या आत लाल, हिरवा, पिवळा भरून पुन्हा मंद आचेवर भाजायचं. याला 'दोउत्साय' म्हणतात. दुसऱ्या भाजणीत रंग किंचित ओघळला तरी कप गेला.

अर्थाच्या बाजूने पाहिलं तर कोंबडा 'जी', आणि शुभ या शब्दाचा उच्चारही 'जी'. तुरा 'ग्वान', आणि अधिकारीही 'ग्वान'. जुने चिनी लेखक कोंबड्याचे पाच गुण सांगतात: डोक्यावर तुरा म्हणून विद्वान, पायाला आरी म्हणून योद्धा, शत्रूसमोर उभा ठाकतो म्हणून शूर, दाणा दिसला की इतरांना हाक मारतो म्हणून उदार, आणि पहाटे वेळ चुकवत नाही म्हणून विश्वासू. दाणा दिसला की हाक मारतो, हे ज्याने कोंबड्या पाळल्या आहेत त्याला लगेच पटेल.

परीक्षा, नोकरी, बढती यांच्यासाठी कुठले प्राणी?

पुष्कळ. हरीण 'लू', आणि सरकारी वेतनही 'लू'. म्हणून छियानलोंग काळातल्या (१७३६ ते १७९५) मोठ्या फुलदाण्यांवर डोंगर-झाडांतून १०० हरणं बागडतात. बगळाही 'लू', आणि वाटही 'लू'. एक बगळा आणि कमळ म्हणजे वाटभर एकामागून एक परीक्षा पास होत जावं. माकड 'होऊ' आणि सरदारकीची एक पदवीही 'होऊ'. माकड घोड्यावर बसलं असेल तर घोड्यावर, 'मा शांग', या शब्दांचा दुसरा अर्थ 'लगेच' असा होतो. मधमाशी 'फंग', आणि बहाल करणंही 'फंग', म्हणून त्यात मधमाशी आली की 'पदवी बहाल होवो' पूर्ण झालं. खेकड्याचं कवच 'ज्या', आणि पहिला क्रमांकही 'ज्या'. सिंह 'शी', आणि दरबारी गुरूच्या पदवीतही 'शी', म्हणून मोठा सिंह आणि लहान सिंह एकत्र म्हणजे बाप-लेक दोघंही मोठ्या हुद्द्यावर.

हे सगळं वाचताना एवढ्या आया-बापांची धडधड कानावर येते. आपल्याकडेही बारावीच्या निकालाच्या दिवशी असंच होतं.

प्रेम आणि लग्नासाठी?

मँडारिन बदकांची जोडी. ती एकमेकांना सोडत नाहीत असं मानतात. कमळाच्या तळ्यात पोहणाऱ्या या जोड्या युआन आणि मिंग थाळ्यांवर फार सुंदर आहेत. मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी आनंदाचा, त्याच्या चिनी नावातच 'आनंद' हे अक्षर आहे. प्लम 'मेई' आणि भुवईही 'मेई', म्हणून तो प्लमच्या बहरलेल्या फांदीवर बसला की 'भुवयांपर्यंत आनंद' असा श्लेष होतो. दोन मॅगपाय म्हणजे दुप्पट आनंद. लावा पक्ष्यांची जोडी घरातल्या शांततेसाठी, कारण लावा 'आन' आणि शांतीही 'आन'.

कासव का दिसत नाही? दीर्घायुष्याचं तर तेच चिन्ह.

प्राचीन काळी दिसे. उत्तर दिशेचा रक्षक म्हणून साप आणि कासव एकत्र येत. पण पुढच्या शतकांत कासव ही घाणेरडी शिवी झाली, बायकोने फसवलेल्या नवऱ्याला उद्देशून. मग भेटवस्तूवर कोण काढणार? देवळात शिरताना कासवाला आधी हात लावणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटतं खरं.

त्याची जागा क्रौंच पक्ष्याने घेतली. लाल माथ्याचा, लांब पायांचा, अमर सिद्धांचं वाहन असलेला. ज्याजिंग सम्राट (कारकीर्द १५२२ ते १५६६) ताओपंथी होता आणि अमरत्वाच्या मागे लागला होता. त्याच्या काळातल्या भांड्यांवर ढगांतले क्रौंच भरपूर आहेत. हरणाच्या तोंडात लिंगझी नावाची अळंबी असली तरी अर्थ दीर्घायुष्यच. आणि एक गोड चित्र: फुलपाखरामागे धावणारी मांजर. मांजर आणि फुलपाखरू, 'माओ-द्ये', म्हणजे पिकलेलं म्हातारपण. आजीच्या वाढदिवसाला देण्यासारखी गोष्ट.

सिंह आणि हत्ती चीनमध्ये कुठून आले?

सिंह चीनमध्ये नव्हतेच. पश्चिमेकडच्या राज्यांनी नजराणा म्हणून पाठवलेले मूठभर सिंह, आणि बुद्धाच्या आसनाखालचा सिंह, एवढ्यावर चिनी शिल्पकारांनी सिंह घडवला. म्हणून तो कुरळ्या आयाळीचा, केसाळ कुत्र्यासारखा दिसतो. जोडीत नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली पिल्लू. फुज्येन प्रांतातल्या देहुआच्या शुभ्र पोर्सिलीनमधले छोटे सिंह उदबत्तीचे धारक म्हणूनही बनत.

हत्ती 'शियांग', आणि शुभशकुन 'शियांग'. त्याच्या पाठीवर फुलदाणी, म्हणजे 'पिंग', म्हणजे शांतता. दोन्ही मिळून सर्वत्र शांतता नांदते आहे.

आणखी एक प्रवासी आहे, आपला मकर. देवळाच्या तोरणावरचा, सोंड वळवलेला तो जलचर बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला आणि 'मोज्ये' या नावाने तिथे राहिला. हा 'मकर'चाच चिनी उच्चार. युआनच्या आधीच्या सोंग काळातल्या, याओझोउ भट्ट्यांच्या हिरव्या वाडग्यांत तो लाटांवर पोहताना दिसतो. पुढे त्याचं रूप ड्रॅगन आणि माशात विरघळत गेलं.

हे सगळं रंगवणारे लोक कोण होते?

ज्यांच्यामुळे या पानावरचं सगळं आहे, त्यांची नावं बहुतेक उरलेली नाहीत.

ज्यांगशी प्रांतातलं जिंगदेझेन हे गाव शतकानुशतकं जगाला पोर्सिलीन पुरवत होतं. जवळच्या गाओलिंग टेकडीची पांढरी माती आणि दगडाची पूड एकत्र मळायची आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायची. त्या गाओलिंगवरूनच 'केओलिन' हा शब्द जगभर गेला. निळा रंग कोबाल्टचा, आणि युआन काळात उत्तम कोबाल्ट पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने येई.

फ्रान्सचे धर्मोपदेशक दांत्रकोल तिथे राहत होते. १७१२ साली त्यांनी लिहिलेल्या पत्रात कामाची वाटणी नोंदवली आहे. कुणी फक्त काठाची रेष ओढतो, कुणी फुलांची रेखाकृती काढतो आणि दुसरा ती रंगवतो, कुणी डोंगर-पाणी, कुणी फक्त पक्षी आणि प्राणी. एक भांडं ७० हातांतून जातं असं त्यांनी लिहिलं. म्हणजे आयुष्यभर फक्त वटवाघळं आणि ड्रॅगन रंगवणारी माणसं होती. दिवसाला किती पंख काढत असतील ती?

दरबारी भट्टीत थोडा जरी दोष दिसला तरी भांडं फोडून पुरत. गेल्या काही दशकांत ते तुकडे उकरून जोडले गेले आहेत. त्यांत श्वेनदे सम्राटाच्या काळातली (१४२६ ते १४३५) रातकिडे ठेवायची भांडी निघाली. त्याला रातकिड्यांच्या झुंजींचा षोक होता. एका किड्याच्या घरावरही ड्रॅगन, फंगहुआंग आणि बदकं रंगवली होती.

मुंबईचा या विषयाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मोठा आहे. निळ्या-पांढऱ्या पोर्सिलीनच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची जोडी 'डेव्हिड फुलदाण्या' या नावाने ओळखली जाते. ते डेव्हिड म्हणजे सर पर्सिव्हल डेव्हिड, जन्म मुंबई, १८९२. मुंबईतल्या बगदादी ज्यू घराण्यातले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक.

या दोन फुलदाण्या साधारण ६३-६४ सेंटिमीटर उंच आहेत. अंगावर ढगांतला ड्रॅगन, मानेवर फंगहुआंग, आणि कान म्हणून हत्तीची डोकी. वरच्या भागावर लेख आहे: झांग वेनजिन या भक्ताने १३५१ साली एक धूपदान आणि फुलदाण्यांची ही जोडी एका देवळाला वाहिली. धूपदान हरवलं. दोन्ही फुलदाण्या वेगवेगळ्या हातांत गेल्या होत्या, डेव्हिड यांनी त्या पुन्हा एकत्र आणल्या. त्यांच्यावरच्या तारखेमुळे इतकं प्रगल्भ निळं काम मिंगच्या आधी, युआन काळातच होत होतं हे सिद्ध झालं. त्यांच्या संग्रहात सुमारे १७०० वस्तू आहेत. २००९ पासून त्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेल्या आहेत, आणि २०२४ साली त्या संग्रहालयाला कायमच्या देण्याचं जाहीर झालं.

मुंबईतच बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतलं चिनी पोर्सिलीन तिथे आहे. पारशी व्यापारी चीनमधल्या कँटन बंदराशी व्यापार करत, त्यातूनच भरतकामाच्या गारा साड्याही आल्या. भांड्यांवरचे क्रौंच आणि फंगहुआंग त्या साड्यांवर रेशमात भरलेले सापडतात. पारशी मैत्रिणीच्या घरी गारा निघाला की तो उलगडून बघा.

गोव्याकडून तर मकाव ते लिस्बन हा सारा पोर्तुगीज व्यापार जात असे, आणि चिनी भांड्यांची खापरं जुन्या गोव्यात मिळतात.

परदेशी गिऱ्हाइकांना हे अर्थ कळत होते का?

बहुधा नाही. वानली काळात (१५७३ ते १६२०) युरोपसाठी बनलेल्या पातळ थाळ्यांवर तळ्याकाठची हरणं असतात. डच लोकांनी १६०३ साली 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं, त्यातला पोर्सिलीनचा माल पुढे ॲमस्टरडॅमला लिलावात गेला आणि युरोपला या थाळ्यांचं वेड लागलं. घेणाऱ्याला हरीण दिसलं, वेतनवाढ दिसली नाही. अठराव्या शतकात तर युरोपच्या मागणीवरून हंसाच्या, रानडुकराच्या डोक्याच्या आकाराची सूपची भांडी बनली. त्यांत श्लेष नाही, पण हंसाची पिसं एकेक करून रंगवलेली आहेत.

आमच्या घरी निळ्या नक्षीची जुनी बशी आहे: पूल, झाड आणि वर दोन पक्षी. त्या प्रेमिकांची चिनी कथा खरी का?

ही 'विलो' नक्षी. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली, चिनी भांड्यांच्या धर्तीवर. पळून गेलेले प्रेमिक पक्षी झाले ही कथाही इंग्लंडातलीच, चित्रानंतर रचलेली. बशी तुमच्या आजीची असेल तर जपून ठेवा, फक्त चिनी म्हणून सांगू नका.

तळाशी चिनी अक्षरात सम्राटाचं नाव आहे. म्हणजे भांडं त्या काळातलं का?

एवढ्यावरून नाही. कांगशी काळातल्या (१६६२ ते १७२२) कारागिरांनी आदराने चेंगहुआचं नाव घातलं, एकोणिसाव्या शतकातल्यांनी कांगशीचं. विसाव्या शतकात सगळ्यांची नावं घातली गेली. माती, पायाची कड, झिलई, वजन हे सगळं जाणकाराच्या हातात देऊन बघावं लागतं. भांडं खरंच १०० वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असतं, तेव्हा त्यात लोणचं किंवा चिंचेचं काही वाढू नका.

आमच्या वाडग्याच्या तळाशी अक्षरं नाहीत, छोटा ससा आहे. हे काय?

मग मला तो वाडगा बघायला आवडेल. मिंगच्या शेवटच्या दशकांत खाजगी भट्ट्यांतल्या काही निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या तळाशी नावाऐवजी ससा रंगवत. नंतरच्यांनी त्याचीही नक्कल केली आहे, म्हणून आधी कुणाला तरी दाखवा. चिनी कथेत ससा चंद्रावर राहतो आणि खलबत्त्यात अमृताची मुळी कुटत असतो. आपल्या जातककथेतल्या सशालाही चंद्रावरच जागा मिळाली, म्हणून तर चंद्र शशांक. वाडगा पालथा घातलात तर त्याचा गोल पाया चंद्र होतो, आणि ससा बरोबर मधोमध.